चौदा महिने लागू पडलेली गोळी

पत्र:

ताई, नमस्कार. आमचं गाव तासगाव तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग आहे. आईचं वय ५८. तंबाखू, मिश्री कधी नाही, तरी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. आधी क्षय समजून औषधं चालली, मग मिरजेत तपासण्या झाल्या. गाठीच्या जीन तपासणीत ईजीएफआर आला आणि गेफिटिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला गेला, पुढच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान. आई पुन्हा विरळणीला बागेत उभी राहिली. चौदा महिने असे गेले. आता गाठ परत वाढलीय. डॉक्टर म्हणतात रेझिस्टन्स आलाय, रक्ताची तपासणी आणि लागली तर पुन्हा बायोप्सी करू.

घरात गोंधळ आहे. मामा म्हणतात गोळी स्वस्तातली होती, बनावट असणार. आत्या म्हणतात शरीराला औषधाची सवय झाली, महिनाभर बंद ठेवा. चुलतभाऊ हळदीच्या कॅप्सूल घेऊन आलाय. शेजारी सांगतात, सुई टोचली की कॅन्सर पसरतो. आई एकादशीला आणि श्रावणी सोमवारी उपास म्हणून गोळी घ्यायची नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून झोप लागत नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही. एवढं औषध पोटात जात असताना या पेशी जगल्या कशा? त्यांना गाठायचा काही मार्ग आहे का? आणि बाग विकायला काढू का?
(नाव देऊ नये.)

उत्तर:

दादा, नमस्कार.

मामांचा मुद्दा आधी घेते, तो मिटवायला सगळ्यात सोपा आहे. बनावट गोळीनं गाठ निम्मी होत नाही. चौदा महिने तिनं काम केलं, म्हणजे गोळी खरी होती. गेफिटिनिब आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बनवतात म्हणून स्वस्त मिळतं. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घेतलं असेल तर स्वस्ताईचा संशय धरू नका. मामांना एक आकडाही सांगा. एकट्या गेफिटिनिबवर आजार साधारण ८ ते ११ महिने आटोक्यात राहतो, असं बहुतेक अभ्यासांत दिसलंय. हा मधला आकडा आहे, कुणाला चार महिनेच मिळतात, कुणाला दोन वर्षंही. आईला १४ मिळाले.

आता एकादशी. ज्या गोष्टीनं तुमची झोप उडवलीय तिच्यात फारसा दम नाही. गेफिटिनिब रक्तातून सावकाश उतरतं. रोज घेणाऱ्याच्या रक्तातली मात्रा निम्म्यावर यायलाच पावणेदोन-दोन दिवस लागतात. आठवड्या-पंधरवड्यातून एक गोळी चुकली म्हणून पेशींना रान मोकळं मिळालं, असं होत नाही. आणि बागेतली कामं, दवाखान्याच्या फेऱ्या सांभाळत आईच्या प्रत्येक उपासावर पहारा ठेवायला तुम्ही काही वॉर्डातल्या नर्स नाही. पुढच्या औषधाच्या वेळी मात्र सांगा, की उपासाला औषध चालतं. तुम्ही सांगण्यापेक्षा तिच्या भजनी मंडळातल्या एखाद्या मावशीनं सांगितलं तर लवकर पटेल.

मी स्वतः या फायलीत एकादशीपेक्षा दोन दुसऱ्या गोष्टी शोधल्या असत्या. एक, पित्ताची गोळी. आपल्याकडे डॉक्टरांच्या प्रत्येक चिठ्ठीवर पँटोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोल असतंच, आणि लोक ते वर्षानुवर्षं सकाळी चहाआधी घेत राहतात. पोटातलं आम्ल कमी झालं की गेफिटिनिब नीट शोषलं जात नाही. दुसरी गोष्ट रिफाम्पिसिन, क्षयाच्या कोर्समधलं. ते यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा इतकी जोरात चालू करतं, की गेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घसरतं. फिट्सवरचं फेनिटॉइनही त्याच जातीचं. क्षयाचा कोर्स गेफिटिनिबच्या आधी थांबला होता ना, ते जुन्या कागदांत बघा. आईला इतका चांगला गुण आला, त्याअर्थी थांबला असणार. तरी घरात जी जी गोळी, काढा, चूर्ण चालू आहे त्याची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, कारण पुढचं औषध ठरवताना तीच यादी पुन्हा लागणार आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, या पेशी जगल्या कशा.

ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. बाहेरून इशारा आला की ते पेशीला वाढायला सांगतं, इशारा थांबला की गप्प बसतं. आईच्या गाठीत या प्रथिनाच्या जनुकातच बदल झालाय, त्यामुळे इशारा नसतानाही ते ‘वाढ, वाढ’ म्हणत राहतं. सिगारेट न ओढणाऱ्या बायकांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा बदल बराच आढळतो. अशा गाठीतल्या पेशी या एकाच सांगण्यावर जगत असतात. प्रथिनाला काम करायला ऊर्जा लागते, ती घेण्यासाठी त्यात एक खाच असते. गेफिटिनिब नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं आणि सांगणं बंद पडतं. म्हणून तर दोन महिन्यांत खोकला गेला.

पण गाठीच्या एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण १० कोटी ते १०० कोटी पेशी असतात, आणि त्या एकमेकींच्या हुबेहूब नकला नसतात. प्रत्येक वेळी पेशी दुभंगताना डीएनएच्या नकलेत एखादी चूक राहते. एवढ्या गर्दीत काही पेशी अशा निघतातच, की ज्यांच्यावर ही गोळी चालत नाही. आत्यांना सांगा, शरीराला काही सवय झालेली नाही. गोळीनं मरणाऱ्या पेशी मेल्या, न मरणाऱ्या उरल्या, आणि मोकळी जागा मिळाल्यावर वाढल्या.

तासगावच्या माणसाला हे मी वेगळं सांगायला नको. दावण्या या द्राक्षावरच्या बुरशीरोगावर मेटॅलॅक्झिल हे औषध आलं तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. जिथं ते एकटंच सलग मारलं गेलं तिथं काही वर्षांत लागू पडेनासं झालं. वेलीला त्याची सवय झाली नव्हती; ज्या बुरशीवर ते चालत नव्हतं तीच उरली आणि बागभर झाली. म्हणून ते मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकासोबत मिसळून विकतात, म्हणून सल्लागार तुम्हाला गट बदलून फवारायला सांगतात. आणि छाटणीनंतर गळलेली पानं गोळा करून नष्ट करायला सांगतात, कारण पानांत सुप्त बीजाणू पडून असतात आणि त्यांच्यापर्यंत फवारणी पोचत नाही. आईच्या गाठीत या दोन्ही गोष्टी घडतात: औषध न चालणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि औषध चालू असेपर्यंत नुसत्या पडून राहणाऱ्या वेगळ्या. फरक इतकाच, की बागेत शेजारच्या रानातूनही बुरशी येते, इथं जे होतं ते आतल्या आतच.

या पडून राहणाऱ्या पेशींची गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते, म्हणून जरा थांबते. १९४४ साली डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनबद्दल लिहिलं, की जंतूंच्या वाढीत औषध घातलं तर बहुतेक सगळे मरतात, पण मूठभर तगून राहतात. आणि त्या मूठभरांपासून नवी पिढी वाढवली तर तिच्यावर पेनिसिलिन पुन्हा पहिल्यासारखंच चालतं. म्हणजे ते काही बदललेले जंतू नव्हते, त्या वेळी नुसते निपचित होते. पुढे २०१० मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी ईजीएफआर बदललेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरपेशींवर असाच प्रयोग केला. आईच्याच गटातल्या गोळीचा, मारायला पुरेल त्याच्या शंभरपटीहून जास्त डोस दिला. हजारात तीनच्या आसपास पेशी जिवंत राहिल्या. दुभंगणं जवळजवळ बंद, हालचाल मंद. त्यांच्या जनुकांत या औषधाविरुद्धचा कुठलाही नवा बदल सापडला नाही. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या गुंडाळणीत फरक होता. कुठली जनुकं उघडी आणि कुठली मिटलेली, एवढंच बदललं होतं. औषध काढून घेतल्यावर त्या पुन्हा वाढू लागल्या आणि पुन्हा औषधानं मरू लागल्या. औषध चालूच ठेवलं तेव्हा मात्र त्यांच्यातल्या काही पेशी त्या औषधातच वाढायला शिकल्या.

आणखी एक दुवा २०१६ मध्ये जुळला. प्रतिकार करणाऱ्या काही पेशी औषधाआधीपासूनच गाठीत असतात, तर काही या निपचित पेशींमधून नंतर तयार होतात, असं दिसलं. पहिल्या जातीच्या लवकर वर येतात, दुसऱ्यांना वेळ लागतो. स्कॅनमध्ये गाठ लहान दिसत होती त्या काळातही हे आत चालू होतं. इतक्या थोड्या पेशी दाखवणारा स्कॅन अजून तरी नाही. तुमच्या डोळ्यांसमोरून काही निसटलं, असं त्यामुळे समजू नका.

मग पेशी निसटतात कुठल्या वाटेनं? गेफिटिनिबच्या बाबतीत सगळ्यात मळलेली वाट २००५ मध्येच सापडली. ईजीएफआरच्या साखळीतलं ७९० क्रमांकाचं अमिनो आम्ल बदलतं, थ्रिओनिनच्या जागी जाडजूड मेथिओनिन येतं. तेवढ्यानं ती खाच ऊर्जेकडे जास्त ओढली जाते आणि गेफिटिनिब टिकत नाही. याला टी७९०एम म्हणतात, आणि गेफिटिनिबसारख्या गोळीनंतर आजार वाढलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांत किंवा थोड्या जास्त जणांत तो सापडतो. काही गाठी ईजीएफआरचा नादच सोडतात आणि मेट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या प्रती वाढवून त्याच्याकडून वाढीचा निरोप घेतात. आणि थोड्या रुग्णांत पेशी आपली जातच बदलते, स्मॉल सेल नावाच्या वेगळ्या, वेगानं वाढणाऱ्या कॅन्सरसारखी होते. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांबद्दलही तुम्ही कुठं ऐकाल. तो शोध १९७६ चा, खरा आहे. पण पंप बंद करणारी औषधं माणसांवर फारशी यशस्वी झाली नाहीत. तेच पंप आतड्यात, यकृतात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही कामाचे असतात, ते बंद केले की रुग्णालाच त्रास.

एवढं लांबण लावलं ते एकाच गोष्टीसाठी. वाट कुठली ते कळल्याशिवाय पुढचं औषध ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. तुमचे डॉक्टर तपासणी मागतायत ते योग्यच आहे. माझ्या मते आज तुमच्या घरात दुसरा कुठलाही निर्णय याच्याआधी होऊ नये.

रक्ताची तपासणी आधी का, तर मरणाऱ्या कॅन्सरपेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात सापडतात आणि त्यात टी७९०एम दिसू शकतो. नुसती रक्ताची नळी द्यायची. त्यात तो दिसला तर काम झालं. दिसला नाही तर मात्र ‘नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण गाठ कधीकधी रक्तात पुरेसे तुकडे सोडतच नाही. तेव्हा बायोप्सी लागते. शिवाय पेशीची जात बदलली आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा बघूनच ठरतं. रक्तावर विसंबलात तर ती शक्यता नजरेआडच राहते.

सुईनं कॅन्सर पसरतो ही भीती आपल्या भागात घरोघरी आहे. सुईच्या मार्गात पेशी रुजणं हे अगदी विरळा घडतं. फुप्फुसाच्या बायोप्सीत खरा जपायचा धोका वेगळा आहे: फुप्फुसाभोवती हवा साठणं, थोडं रक्त येणं. म्हणून नंतर काही तास तिथंच थांबवून एक्स-रे काढतात. त्या दिवशी ‘बरं वाटतंय, निघतो’ म्हणून घाई करू नका. घरी आल्यावर एकदम छातीत दुखलं, दम लागला तर तासगावात वाट न बघता थेट मिरज गाठा.

टी७९०एम निघाला तर ओसिमर्टिनिब नावाची गोळी आहे, अमेरिकेत २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली. हिची रचना अशी, की खाचेत ते जाडजूड मेथिओनिन आलं तरी ती शेजारच्या ७९७ क्रमांकाच्या सिस्टीनला रासायनिक बंधानं कायमची चिकटते. आईसारख्याच, पहिली गोळी हरलेल्या आणि टी७९०एम असलेल्या रुग्णांची मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोवर आजार मधल्या आकड्यानं ४.४ महिने थांबला, ओसिमर्टिनिबवर १०.१ महिने. ही गोळी मेंदूतही गेफिटिनिबपेक्षा चांगली पोचते. पित्ताच्या गोळीचा तिच्यावर तसा परिणाम होत नाही. मात्र रिफाम्पिसिनचं वैर हिच्याशीही आहे. नवा दम लागू लागला तर लगेच कळवायचं, कारण क्वचित फुप्फुसाला सूज येते. आणि सुरुवातीला ईसीजी काढून घ्यायचा.

तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. ओसिमर्टिनिबवरही पेशी वाट काढतात. ते ७९७ नंबरचं सिस्टीनच बदललं की गोळीला चिकटायला जागा उरत नाही. मेटची वाट तर आहेच. म्हणून आता एकामागून एक गोळी बदलत बसण्यापेक्षा दोन-तीन वाटा एकदम अडवायचा विचार पुढे आलाय. यात आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम मोलाचं आहे. तिथल्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांमध्ये गेफिटिनिब एकटं आणि गेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो, अशी तुलना केली. २०२० मध्ये निकाल आला: आजार थांबला तो ८ महिन्यांऐवजी १६ महिने. किंमतही मोजावी लागली, गंभीर त्रास २५ टक्क्यांवरून ५१ टक्के रुग्णांत. ओसिमर्टिनिबला केमोची जोड दिल्यावर असाच फायदा २०२३ मध्ये दिसला, १६.७ ऐवजी २५.५ महिने. ईजीएफआर आणि मेट दोघांनाही एकाच वेळी पकडणारं अमिव्हॅन्टामॅब हे इंजेक्शन ओसिमर्टिनिबनंतरच्या रुग्णांसाठी केमोसोबत वापरायला अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. हे आकडे वाचून ‘मग आईला सुरुवातीलाच हे का दिलं नाही’ असा प्रश्न घेऊन डॉक्टरांच्या अंगावर जाऊ नका. वय, तब्येत, खर्च, केमो सोसेल का, हे बघूनच तो निर्णय होतो, आणि एकट्या गोळीनं सुरुवात करणं ही चूक नव्हती.

मेट निघाला तर मेट अडवणारी गोळी जोडीला देतात. पेशीची जात बदललेली निघाली तर स्मॉल सेलची केमो. तिन्हींचे उपचार वेगळे, यावरूनच तपासणीचं महत्त्व समजेल. काहीच नेमकं सापडलं नाही तर केमो हा नेहमीचा रस्ता आहे, आणि तो वाईट रस्ता नाही.

आणि त्या निपचित पेशी? त्यांच्यावरचं संशोधन जोरात आहे. २०१७ मध्ये असं दिसलं, की अशा पेशी जीपीएक्स४ नावाच्या एका एन्झाइमवर फार अवलंबून असतात. पेशीच्या आवरणातली चरबी लोहामुळे खवट होऊ न देण्याचं काम ते एन्झाइम करतं. ते बंद पाडलं की निपचित पेशी फुटून मरतात, आणि उंदरांमध्ये गाठ परत येणं रोखता आलं. डीएनएची ती गुंडाळणी उलगडणारी औषधंही प्रयोगशाळेत या पेशींना मारतात. मला यात खरी आशा वाटते. पण आज आईच्या चिठ्ठीवर लिहिता येईल असं यातलं काही नाही. कुणी ‘स्टेम सेल मारणारं खास औषध’ म्हणून पैसे मागितले तर उठून या.

आत्यांच्या सल्ल्यात मजेची गोष्ट अशी, की औषध थांबवून पाहण्याची कल्पना शास्त्रज्ञांनीही गंभीरपणे घेतलीय. फ्लोरिडात रॉबर्ट गेटनबी यांच्या गटानं प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हे करून पाहिलं: रक्तातली खूण निम्मी झाली की औषध बंद, पुन्हा चढली की चालू, म्हणजे औषधानं मरणाऱ्या पेशी जिवंत राहून न मरणाऱ्यांना जागा देत नाहीत. पण ते मोजत मोजत, डॉक्टरांच्या नजरेखाली केलेलं काम आहे, आणि अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. आईच्या आजारात उलटा धोका जास्त. गाठीतल्या बऱ्याच पेशी अजून गेफिटिनिबनं दबलेल्या असतात. ते एकदम सोडलं तर काही रुग्णांत आजार आठवड्या-दोन आठवड्यांत उसळतो. म्हणून रिपोर्ट येऊन दुसरं औषध ठरेपर्यंत, डॉक्टर बंद म्हणत नाहीत तोवर, गोळी चालू. दुसरीकडे, केमो सुरू झाल्यावर ‘जुनी गोळीपण राहू दे, काय बिघडतं’ असंही करू नका. ते चाचणीत करून पाहिलंय, फायदा झाला नाही.

हळदीबद्दल सांगलीच्या माणसाला बोलणं अवघड. २०१८ पासून आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि भाजी-आमटीतली हळद आईनं जरूर खावी. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. हळदीतलं करक्युमिन काचेच्या बशीत जवळपास कुठल्याही कॅन्सरपेशीला मारतं, पण पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी १२० हून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा नीट तुलना करून केलेल्या एकाही चाचणीत ठोस गुण दिसला नव्हता. शोषण वाढावं म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात, आणि अशा कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आईच्या गोळीचाही यकृतावर ताण असतो. चुलतभावाचं मन मोडू नका. त्याला मिरजेच्या फेऱ्यांची जबाबदारी द्या, कॅप्सूलपेक्षा त्याचा उपयोग होईल.

बागेचं. रिपोर्ट हातात येण्याआधी एक गुंठाही विकू नका. टी७९०एम निघाला नाही तर त्या महागड्या गोळीचा प्रश्न बहुधा येणारच नाही. निघाला तर ओसिमर्टिनिबचा महिन्याचा खर्च खरंच मोठा आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यावरची कस्टम ड्युटी काढली, तरी शेतकऱ्याच्या खिशाला जडच. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना आहे का, फॉर्म कोण भरून देणार. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कुठलं औषध, कुठली केमो त्यात बसते ते योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडून आधीच लिहून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही तिथंच समजावून घ्या. आणि खर्च झेपणार नसेल तर तोंडावर सांगा. शेतकरी माणूस डॉक्टरांसमोर ‘बघतो’ म्हणून उठतो आणि बाहेर येऊन सावकाराला फोन लावतो, हे मी फार पाहिलंय. केमो हा पर्याय कमी प्रतीचा समजू नका, ती योजनेत बसण्याची शक्यताही जास्त.

राहिली आई. तिला सांगितलं नाही म्हणता, पण खोकला परत आलेला तिला तुमच्याआधी कळला असणार. सुई तिच्या छातीत जाणार आहे, सही तिची लागणार आहे. पुढे केमो घ्यायची की गोळीच, किती त्रास सोसायचा, हे ठरवण्याचा हक्कही तिचाच. दवाखान्यात एखादा शिकाऊ डॉक्टर फाइल उघडून तिच्यासमोरच बोलून गेला, तर तुमच्यावरचा तिचा विश्वास जाईल, ते जास्त वाईट. संध्याकाळी, घरात गर्दी नसताना बसा. ‘आई, पहिली गोळी आता पुरेनाशी झालीय. गाठीत काय बदललंय ते बघून दुसरं औषध ठरवायचंय, त्यासाठी तपासणी आहे.’ एवढं पुरे. मग ती काय विचारते ते ऐका, आणि विचारेल तेवढंच सांगा. उपासाच्या गोळ्यांचा विषय त्या दिवशी काढू नका. बरं होणार का, असं विचारलं तर खोटं ‘हो’ म्हणू नका; आजार पूर्ण जाणार नाही, पण आटोक्यात ठेवायचे मार्ग अजून आहेत, हे खरं आहे आणि ते सांगता येतं. मामा आणि आत्यांना त्या बैठकीत बोलावू नका.

मिरजेला जाताना जुन्या बायोप्सीचा ब्लॉक सोबत घ्या. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या प्लास्टिकच्या चौकटीतला तो मेणाचा तुकडा, बहुतेकदा फाइलच्या मागच्या पाकिटात नाहीतर लॅबमध्येच पडून असतो. नव्या तुकड्याशी तुलना करायला, पेशीची जात बदलली का ते बघायला पॅथॉलॉजिस्ट तो मागतात. लॅबमध्ये असेल तर रिपोर्टवरचा नंबर दाखवून सही करून घ्या, पावती जपा. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण मऊ पडलं तर आतला तुकडा खराब होतो. रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आईला चालू असेल तर बायोप्सीची तारीख घेतानाच सांगा, ती काही दिवस आधी थांबवायची का ते डॉक्टर ठरवतील.